आधी मूर्खलक्षणे

धंदा बसला, नोकरी गेली, की कुणीतरी जवळचा माणूस एक पुस्तक हातात ठेवतो. यशस्वी माणसांनी काय केलं ते वाच म्हणतो. हे म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. सुतारकाम सुताराकडेच शिकतात. मग यश यशवंताकडून का शिकू नये?

आक्षेप इथेच आहे. सुताराचा रंधा आपल्या डोळ्यांसमोर चालतो, फळी चिरली तर तीही दिसते. यशवंताच्या पुस्तकात चिरलेल्या फळ्या नसतात.

ही तक्रार या वाङ्मयाइतकीच जुनी आहे. सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली आलं. त्याचं मूळ लीड्समधल्या कामगार तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानांत. टीकाकारांनी विचारलं, प्लूटार्कने थोरांची चरित्रं लिहिली, तशी हरलेल्यांची का नकोत? १८६६च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्माइल्सने उत्तर दिलं: लिहायला हरकत नाही, पण नुसत्या अपयशाची हकिकत वाचून मन खचेल आणि शिकायला काही मिळणार नाही. मन खचेल हे मान्य. शिकायला मिळणार नाही, हे साफ चूक.

जिम कॉलिन्सचं ‘गुड टू ग्रेट’ (२००१) पाहा. १,४३५ कंपन्यांतून त्याने ११ ‘ग्रेट’ म्हणून निवडल्या, मागे राहिलेल्या कंपन्यांशी ताडूनही पाहिल्या. म्हणजे गडी स्माइल्सपेक्षा सावध. तरी त्या ११ जणींत सर्किट सिटी आणि फॅनी मे होत्या. २००८ साली पहिलीने दिवाळं काढलं, दुसरी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. व्यवस्थापनाचा अभ्यासक फिल रोझेनझ्वाइग याने आदल्याच वर्षी अशा पुस्तकांचं दुखणं ओळखलं होतं: निकाल आधी ठाऊक असला, की सगळे गुण त्याच उजेडात दिसतात. नफ्यात असताना जो मालक ‘ठाम’, तोच बुडाल्यावर ‘हटवादी’. पुढे २००९मध्ये कॉलिन्सनेच बड्या कंपन्यांच्या पडझडीवर पुस्तक लिहिलं, त्यात सर्किट सिटीही आली. मला ते जास्त कामाचं वाटतं, खप कितीही असो.

आधी चुका, मग गुण, हा क्रम आपल्याकडे रामदासांनी केव्हाच लावून ठेवला आहे. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा, उत्तमलक्षणं त्यानंतर. आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख, म्हणजे आमच्यासारख्या पुस्तकं वाचणाऱ्यांची सोय.

२०२०च्या टाळेबंदीत आमचा छोटा छापखाना बंद पडला, तेव्हा मीही असलं एक पुस्तक हिरव्या पेनाने रंगवलं. जवळजवळ प्रत्येक खुणेचा अर्थ एकच: थांबू नका. इथे यंत्राला कुलूप! अखेर उधारीची वही काढली. बुडीत नावांवर बोट फिरवताना कळलं, यातले निम्म्याहून अधिक ओळखीचे. आगाऊ रक्कम मागायला मीच लाजलो होतो. एकाच्या लग्नपत्रिकांचा उरलेला गठ्ठा अजून कपाटात आहे. लग्न झालं, पोराचं बारसंही झालं. बारशाची पत्रिका आमच्याकडेच छापली, या वेळी पैसे आधी घेऊन.