घर वर, निर्णय खाली : खानदेशातील गाडीच्या पायाचा इतिहास

१/
चाकांवरचे छोटे घर बांधू पाहणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न छपराचा नसतो, पायाचा असतो. जुन्या मोटारीचा आस मिळवून त्यावर चौकट जोडावी, की तयार ट्रेलर विकत घ्यावा? १९३० च्या दशकात अमेरिकेत थेंबाच्या आकाराचे ‘टीअरड्रॉप’ कॅम्पर लोक घरच्या घरी बनवू लागले, तेव्हा त्यांनाही हा निर्णय आधी घ्यावा लागला. खानदेशात हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. जळगावजवळच्या नशिराबादच्या वाटेने त्याचा मागोवा घेणारा हा थ्रेड.

२/
आधी शब्द पाहू. बैलगाडीचा जो सांगाडा चाकांवर बसतो, तो साटा. साट्याखाली आडवा जातो तो आस. चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले वक्र पुठ्ठे आणि सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. साट्यावर कडबा भरा, कापूस भरा किंवा माणसे बसवा. गाडी किती ओझे पेलेल आणि कोणत्या वाटेने जाईल, हे मुख्यतः साट्याखालचे भाग ठरवतात.

३/
सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ज्याँ-बाप्तिस्त ताव्हर्निये सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना खानदेशातून गेला. बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावे त्याच्या मार्गात येतात. हिंदुस्थानातील मालवाहू गाड्यांविषयी तो लिहितो की एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत आणि सोबत चार शिपाई चालत. गाडीवरून दोन दोर टाकलेले असत व त्यांची चार टोके शिपायांच्या हाती असत. वाईट जागी गाडी कलंडू लागली की विरुद्ध बाजूचे शिपाई दोर ताणून तिला सावरत.

४/
ताव्हर्नियेच्या या नोंदीत त्या काळच्या पायाची मर्यादा स्पष्ट दिसते. आस जड आणि वाट उंचसखल, म्हणून गाडीला चाकांइतकाच माणसांचाही आधार लागे. दूरच्या मालवाहतुकीचा मोठा भाग त्यामुळे चाकांवर नव्हताच. तो वंजारी-लमाणांच्या तांड्यांकडे होता. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडा चाले. पाठीवरच्या गोणीला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. घाट, नाला, काळी चिकण जमीन, कशानेच तिची वाट बंद होत नाही. रस्ता नसलेल्या मुलखात चाक न वापरणे हाच शहाणपणाचा निर्णय होता.

५/
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. त्याआधीची दोन दशके या भागाने लूट आणि दुष्काळ यांत काढली होती. नशिराबादलाही सातमाळ्याच्या डोंगरांतील टोळ्यांचा वारंवार त्रास झाला. १८०१ मध्ये जिवा नावाच्या पुंडाने गाव लुटले. १८०३ च्या मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर खुद्द पेशव्यांच्याच एका अंमलदाराने ते पुन्हा लुटले. लुटीच्या काळात जड गाडी हे ओझेच ठरते. ती लपवता येत नाही आणि पळवताही येत नाही.

६/
शांतता आली, मुंबई-आग्रा रस्त्यासारखे रस्ते बांधले जाऊ लागले, तेव्हा गाडीचा पायाही बदलू लागला. दख्खनमध्ये या बदलाशी लेफ्टनंट गेसफर्ड हे नाव जोडलेले आहे. जमीनमोजणीच्या कामावरील या अधिकाऱ्याने १८३६ च्या सुमारास सोलापूरकडील टेंभुर्णी येथे हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. तोवर वापरात असलेल्या अवजड गाड्यांना बैलांच्या अनेक जोड्या लागत. नवी गाडी एका जोडीने ओढता येई. ज्याच्या गोठ्यात बैलांची एकच जोडी आहे, त्या शेतकऱ्यालाही आता गाडीवान होणे शक्य झाले.

७/
ही गाडी गावातच घडवता येत होती, हे तिच्या प्रसाराचे मोठे कारण होते. तुंब्याला आणि आऱ्यांना बाभूळ, दांड्यांना तिवस किंवा साग. सुतार चाक जुळवी. मग लोहाराची पाळी येई. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेली असे. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद तापवून, फुगल्यावर चिमट्यांनी चाकावर चढवत आणि लगेच पाणी ओतत. लोखंड आक्रसले की पुठ्ठे, आरे आणि तुंबा एकमेकांत घट्ट रुतून बसत. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, तर पुन्हा त्याच लोहाराकडे जायचे.

८/
या दुरुस्तीचा हिशेब बलुत्याचा होता. नव्या गाडीची मजुरी वेगळी ठरे; पण वर्षभराच्या किरकोळ डागडुजीसाठी सुतार-लोहाराला सुगीच्या वेळी खळ्यावरच्या धान्याचा वाटा मिळे. म्हणजे मोडलेल्या गाडीसाठी त्या क्षणी हातात रोख पैसा असण्याची गरज नव्हती. बलुत्याची व्यवस्था जातींच्या उतरंडीवर उभी होती आणि तिच्यात कारागिराची पिळवणूकही होती, हे विसरून चालणार नाही. तरीही, गाडीचा पाया दुरुस्त करणारा हात हाकेच्या अंतरावर होता.

९/
१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. नशिराबादच्या उत्तरेला दोन मैलांवर भादली स्टेशन झाले. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरात नशिराबाद हे तालुक्याचे नाव आहे. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या बारा हजारांवर होती. येथे कापसाचे जिनिंग होते आणि काचेच्या बांगड्याही बनत. एक माल हलका पण अवाढव्य, दुसरा हिसक्याने फुटणारा. दोन्ही माल साट्यावर चढत. कापसाला उंच कठडे हवेत आणि बिनस्प्रिंगच्या गाडीतल्या बांगडीला सभोवती गवताची गादी.

१०/
रेल्वेने बैलगाडी संपवली, असे सहज म्हटले जाते. घडले वेगळे. रेल्वेने लांबची वाट घेतली आणि गाडीला शेत ते स्टेशन ही जवळची वाट दिली. प्रत्येक स्टेशनाभोवती गाड्यांची गरज वाढली. खरा आघात झाला तो तांड्यांवर. पाठीवरच्या गोणीला ना रेल्वेशी स्पर्धा करता आली, ना एका जोडीच्या गाडीशी. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा हातातून गेला. त्यावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानात, आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही, भटक्या समाजांवर संशयाचा शिक्का मारला.

११/
याच साट्यावर प्रवासातले घरही उभे राही. खानदेश-वऱ्हाडात माणसांच्या प्रवासासाठी दमणी, छकडा अशा हलक्या गाड्या होत्या. बांबूच्या कांबी वाकवून त्यांवर चटई किंवा जाड कापड ताणले, खाली कडबा आणि घोंगडी पसरली, की मुक्कामाची सोय झाली. मात्र ओझे आसाच्या फार पुढे गेले तर जू बैलांच्या मानेवर बसते. फार मागे गेले तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून उचलली जाते. आजच्या छोट्या कॅम्परलाही हाच नियम लागू आहे. म्हणूनच एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर ठेवायला सांगतात.

१२/
दमणीतले घर चार दिवसांचे. गाडी हेच कायमचे घर असलेला समाज राजस्थानात होता : गाडिया लोहार. चितोडच्या पाडावानंतर आपण स्थिर घर सोडले, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर प्रवेश झाला, तो या परंपरेतील प्रतिज्ञेची सांगता म्हणून. त्यांची गाडी भक्कम आणि जड असे, कारण तिच्यावरचा संसार कधी उतरतच नसे. मालक, रहिवासी आणि लोखंडकाम करणारा कारागीर एकाच कुटुंबात होते. पायावर इतका पूर्ण ताबा क्वचितच कोणाला मिळाला असेल.

१३/
पुढचा बदल बाहेरून आला. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला. उत्तर हिंदुस्थानात हवेच्या टायरांच्या जनावरगाडीला पुढे ‘डनलप’ हेच नाव पडले. महाराष्ट्रात ती टायरगाडी झाली. पाया दोन प्रकारे मिळे : कंपनीचा तयार आस-चाकांचा जोड, किंवा भंगारातल्या मोटारीचा आस. वर साटा सुताराचाच. अमेरिकेतल्या कॅम्पर बांधणाऱ्यांसमोर जे दोन पर्याय होते, तेच इथल्या शेतकऱ्यासमोर आले.

१४/
पक्क्या सडकेवर टायरगाडीचा फायदा निर्विवाद होता. ओढ कमी, हिसका कमी, ओझे जास्त. शिवाय अरुंद लोखंडी धाव सडक कापत जाते, ते नुकसानही टळते. पण तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतरचा हिशेब निराळा असतो. खोल चाकोरीत लाकडी चाकाची उंची उपयोगी पडते. छोटे चाक रुतते. आणि बांधावरची बाभूळ, जिच्या लाकडाने तुंबा घडत असे, तिचाच काटा नव्या टायरचा वैरी ठरला. लाकडी चाकाला काट्याची भीती नव्हती. टायरला पंक्चरचे दुकान लागते, आणि ते शेतात नसते.

१५/
म्हणूनच जुना पाया लगेच गेला नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीचा सविस्तर अभ्यास केला. देशात दीड कोटीच्या आसपास गाड्या असल्याचा त्यांचा अंदाज होता, आणि त्यांत लाकडी चाकांच्या गाड्यांचेच प्रमाण मोठे होते. बैलाची मान सोलणारे जू आणि घर्षण वाढवणारा आस बदलावा, असा त्यांचा आग्रह होता. बैलाच्या बाजूने पाहिले तर तो रास्तच होता. शेतकऱ्याच्या बाजूने अडचण रोख पैशाची होती : टायर, ट्यूब, बेअरिंग यांचे मोल खळ्यावरच्या धान्यात चुकवता येत नव्हते.

१६/
या निवडीचे सर्वांत कठोर रूप ऊसतोडीत दिसते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखरपट्ट्यात खानदेशातून येणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. ताव्हर्नियेच्या मार्गातले हेच ते बारडोली. मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंब निघते आणि भांडी, अंथरुणे, लेकरे यांच्यासह हंगामभर उसाच्या फडाजवळ राहते. साखरपट्ट्यात अनेक ठिकाणी बैल मजुराचे, पण टायरगाडी कारखान्याची असते. तिचे भाडे मजुरीतून कापले जाते. गाडिया लोहाराच्या नेमकी उलट स्थिती : राबणे आपले, जनावर आपले, चाके दुसऱ्याची.

१७/
आज नशिराबादवरून राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धावतात आणि शेतवाटेला अजून एखादी टायरगाडी दिसते. कोणी हौशी तरुण इथे चाकांवरचे छोटे घर बांधायला बसला, तर भंगारातला आस की तयार ट्रेलर, हे त्याला ठरवावे लागेल. तांड्याच्या बैलापासून ऊसतोडीच्या टायरगाडीपर्यंत खानदेशाने जे प्रश्न विचारले, तेच त्यालाही उपयोगी पडतील : वाट कशी आहे, ओझे किती आहे, वाटेत मोडले तर दुरुस्त कोण करील, आणि खालची चाके नक्की कोणाच्या मालकीची आहेत.

(समाप्त)