या कानाची खबर त्या कानाला

मराठी माणसाने कानाला जेवढी कामे सांगितली आहेत, तेवढी दुसऱ्या कुठल्या इंद्रियाला सांगितली नसतील. आपण कान टोचतो, कान पिळतो, कान भरतो, कान फुंकतो आणि गैरसोयीच्या गोष्टीकडे कानाडोळा करतो. या शेवटच्या कामाचा एक इतिहास आहे आणि तो खुद्द कानाचाच आहे. ज्याचा एकच कान गेला, त्याच्याकडे यंत्रे करणाऱ्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनीही दीर्घकाळ कानाडोळा केला. “एक आहे ना शाबूत? मग झाले तर!” एवढ्यावर त्याची बोळवण होत आली.

हे वाक्य मी ऐकत आलो ते आमच्या जळगावच्या मामांमुळे. लहानपणी त्यांना गालगुंड झाले. सूज आठ दिवसांत उतरली, पण जाताना डावा कान घेऊन गेली. गालगुंडाची ही खोड जुनीच आहे. कान न्यायचाच झाला, तर बहुधा तो एकच नेते आणि दुसऱ्यावर सारे निभत असल्याने घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. पुढे मामा कापसाच्या दलालीत शिरले. एस. टी.त ते डाव्या खिडकीशीच बसत, म्हणजे सारे जग उजवीकडे! पंगतीत डावे टोक त्यांचे. पण हिवाळ्यात मळ्यात भरीत-पार्टी झाली, की वर्तुळाला टोक कुठले? डावीकडच्याने काही विचारावे, यांनी उत्तर देऊ नये आणि “मामा फार शिष्ट” हा शेरा बसावा. धुळ्याच्या आग्रा रोडवर कुणी हाक मारली तर ती ऐकू येई. पण कुठून आली ते उमगत नसे. भर गर्दीत ते चारी दिशांना पाहत उभे राहत.

यात शिष्टपणाही नव्हता आणि वेंधळेपणाही. आवाज एका कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ आधी भेटतो, त्या कानाला किंचित मोठाही लागतो आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ही उपपत्ती लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये नीट मांडली. शिवाय आपले डोके म्हणजे दोन कानांमधली भिंतच. जाड, खर्जातले स्वर तिला वळसा घालून पलीकडे पोचतात. ‘स’, ‘श’ यांसारख्या वर्णांचा बारीक आवाज मात्र अलीकडेच अडतो. मुक्या बाजूने सांगितलेला ‘सात’चा भाव ‘आठ’ ऐकू येतो, तो यामुळे. दलालाच्या धंद्यात हा फरक लहान नव्हे!

आता यंत्रांकडे वळू. बीथोव्हेनसाठी मेल्झेलने कर्णे घडवले, त्यानंतर विजेची यंत्रे आली, १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पाच-सहा वर्षांत तो श्रवणयंत्रांत जाऊन बसला. पण या साऱ्यांची युक्ती एकच, आवाज मोठा करणे. पार निकामी झालेल्या कानात आवाज कितीही मोठा ओतला, तरी तो फुटक्या रांजणात पाणी ओतण्यासारखा.

हे कोडे सोडवले ते अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या हारफर्ड आणि बॅरी या दोघांनी, १९६५ मध्ये. मेलेल्या कानाला जागे करण्याचा नाद त्यांनी सोडून दिला. त्या बाजूला फक्त ध्वनिग्राहक ठेवला आणि तिकडचा आवाज चांगल्या कानात नेऊन सोडला. या यंत्रांत तार चष्म्याच्या चौकटीतून जात असे. मर्म असे, की चांगल्या कानाचे भोक बुजवायचे नाही. नाहीतर आहे तेही जायचे. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणे हा आपल्याकडे दोष. तोच येथे उपाय झाला! पुढे तार जाऊन बिनतारी यंत्रे आली. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे १९७७ मध्ये कवटीच्या हाडात खिळा रुजवून हाडातूनच आवाज पलीकडे पोचवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. आता काही रुग्णांना अंतर्कर्णातले रोपणही करतात.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये निघाली. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस झाले, जळगावला २०१८ मध्ये. त्याआधी खानदेशच्या माणसाला कानाच्या मोठ्या तपासणीसाठी मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागे आणि एका कानासाठी ती कोण धरतो? मामांनी धरली ती सत्तरी उलटल्यावर. बिघडलेला कान तपासताना चांगला कान चोरून ऐकतो, म्हणून त्यात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. मग यंत्र काही दिवस वापरून पाहायला दिले. हे वापरून पाहणे महत्त्वाचे, कारण यंत्राने दुसरा कान परत येत नाही. हाक कुठून आली, हे मामांना यंत्र लावूनही कळले नाही. बँडच्या कलकलाटात ते यंत्र काढून खिशात ठेवीत, कारण मुक्या बाजूचा गोंगाटही चांगल्या कानात येई. पण दुकानात डावीकडचा माणूस त्यांना प्रथमच ऐकू येऊ लागला.

कायदा मात्र अजून तिथेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली बहिरेपणाची व्याख्या दोन्ही कानांची हानी मोजते. एका कानाचा माणूस तिच्या हिशेबात बसत नाही.

दिवाळीत कानाशी सुतळी बॉम्ब फुटतो, तेव्हा बहुधा एकाच कानाशी फुटतो. त्याने किंवा काही कारण नसता एखादा कान एकाएकी बधिर झाला, तर “उतरेल आपोआप” म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपचार लागू पडण्याची आशा पहिल्या दिवसांतच अधिक असते. आणि फराळाला बसताना घरात असा कुणी असेल, तर त्याला एवढेच विचारावे, “कोणत्या बाजूला बसू?”