ग्रॅनोला बारमध्ये मध आला कधी?



दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून आली, तेव्हा तिच्या सॅकमध्ये ग्रॅनोला बारची चार पाकिटं होती. सूनबाई कौतुकाने म्हणाली, "आई, बिस्किटांपेक्षा हे बरं. ओट्स, बदाम, सगळं पौष्टिक." मी पडले बी.कॉम. झालेली बाई. बिल असो की पाकीट, बारीक अक्षरं वाचल्याशिवाय सोडत नाही. तिसराच जिन्नस निघाला मध. पाकिटं बाजूला सारून मी पटकन बोलून गेले, "असलं आपल्या घरात नको." सूनबाईचा चेहरा उतरला. बिचारीने हिरवा ठिपका बघूनच घेतली होती. सरकारी नियमात मध हिरव्या ठिपक्यात बसतो, आपल्या अष्टमूलगुणांत बसत नाही, एवढाच घोटाळा.

रात्री झोप येईना. बोलले ते बरोबर होतं, पण बोलण्याची रीत चुकली होती. मग हा पदार्थ आला कुठून, ते वाचत बसले. मला वाटलं होतं की हे कुठलं तरी परदेशी चॉकलेटवाल्यांचं खूळ असेल. निघालं भलतंच.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचे एक धर्मोपदेशक होते. मांस सोडा, दारू सोडा, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची भाकरी खा, असं ते गावोगाव सांगत. 1850 साली तिथे शाकाहारी मंडळ स्थापन झालं, त्यातही ते होते. त्यांच्याच विचाराचे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी निसर्गोपचाराचं आरोग्यधाम चालवत. त्यांनी 1863 साली ग्रॅहमच्या जाड्याभरड्या पिठाची पोळी भट्टीत भाजली, तिचे तुकडे केले, ते पुन्हा भाजले आणि आणखी बारीक केले. नाव ठेवलं 'ग्रॅन्युला'. हे इतकं कडक होत असे की रात्रभर भिजवल्याशिवाय दाताखाली येत नसे. त्यात ओट्स नाहीत, बदाम नाहीत आणि मधही नाही. आपल्या खाकऱ्याचा चुराच म्हणा ना!

दुसरं ठिकाण मिशिगन राज्यातलं बॅटल क्रीक. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी 1866 साली तिथे आरोग्यसंस्था काढली आणि 1876 पासून ती डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या हाती आली. कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग म्हणतात ते याच घरातले. रुग्णांना मांसाहार नाही, चहा-कॉफी नाही, दारू-तंबाखू तर नाहीच. मग खायला द्यायचं काय? डॉक्टरांनी गहू, ओट्स आणि मक्याच्या पिठाची बिस्किटं भाजून भरडली आणि त्यालाही 'ग्रॅन्युला'च म्हटलं. जॅक्सन यांनी हरकत घेतल्यावर, 1880 च्या सुमारास, एक अक्षर बदलून नाव झालं 'ग्रॅनोला'. सुकामेव्याचाही या डॉक्टरांना फार सोस. मांसाच्या जागी दाणे आणि बदाम-अक्रोड खा, असा त्यांचा आग्रह असे.

इथे मला सांगावंसं वाटतं ते त्यांच्या पत्नीबद्दल. एला ईटन केलॉग या संस्थेच्या प्रयोगाच्या स्वयंपाकघराचं काम बघत. आज एक घाणा, उद्या दुसरा, हे सगळं करून त्यांनी 1892 साली स्वयंपाकाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. खोक्यांवर नाव मात्र पुरुषांचं राहिलं.

त्यांचा शाकाहार आपल्यासारखा जीवदयेपोटी नव्हता, मुख्यतः शरीर शुद्ध राहावं म्हणून होता, हेही खरं. उगीच त्यांना आपल्यात ओढायला नको. मधाचं त्यांना वावडं असण्याचं कारणच नव्हतं. तरी तो पदार्थ सुरू झाला मधावाचून.

मध शिरला तो शंभरेक वर्षांनी. 1960 नंतर कारखान्यातल्या पांढऱ्या साखरेला आणि मैद्याला कंटाळलेल्या तरुण मंडळींनी घरोघरी ओट्स, तेल, सुकामेवा आणि मध एकत्र भाजायला सुरुवात केली. 1969 च्या वुडस्टॉकच्या गाण्यांच्या मेळाव्यात चिखलात बसलेल्या गर्दीला कपांतून ग्रॅनोला वाटला गेला. मग कंपन्या जाग्या झाल्या आणि 1975 साली नेचर व्हॅलीची वडी बाजारात आली. कारखान्याविरुद्ध निघालेली वस्तू कारखान्यानेच विकायला घेतली, याला म्हणतात व्यापार!

सकाळी उठून ओट्स चाळले, निवडले. दोन वाट्या ओट्स मंद आचेवर कढईत खमंग भाजले. बदाम, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया आणि तीळ मिळून एक वाटी, तेही भाजून भरडले. अंजीर पंचउदुंबरातलं म्हणून वगळलं, त्याऐवजी आठ-दहा बिया काढलेले खजूर ठेचून घेतले. पाऊण वाटी गूळ आणि दोन चमचे तूप. पहिला घाणा चक्क चिक्की झाला. मध ओलावा धरून ठेवतो, म्हणून बाजारची वडी मऊ राहते. गुळाचा पाक कडक झाला की वडी खुटखुटीत होते. दुसऱ्या वेळी पाण्यात टाकलेला थेंब मऊ गोळी धरतोय तोच गॅस बंद केला, खजूर पाकात कालवला, मग कोरडं मिश्रण घातलं. तूप लावलेल्या ताटात वाटीने घट्ट दाबून थापलं आणि कोमट असतानाच सुरी फिरवली.

नातीने कडक आणि मऊ दोन्ही खाल्ले. सूनबाईला मी म्हटलं, "काल माझं चुकलंच गं, तू मुलीच्या भल्यासाठीच आणलं होतंस." ती काही बोलली नाही, पण जाताना डबा भरून मागितला.

आठवड्याने तिचा फोन आला. "आई, पाक किती वेळ ठेवायचा? माझी तर दगडासारखी झाली."