कानशीची कोरी बाजू

थिओफिलस नावाच्या ख्रिस्ती साधूने बाराव्या शतकात कानस कडक करण्याची कृती लिहून ठेवली आहे. बैलाचे शिंग जाळायचे, त्यात मीठ मिसळून पूड करायची, ती लाल तापलेल्या कानशीवर भुरभुरायची आणि कानस पाण्यात विझवायची. वाचताना चेटूक वाटते, पण जळलेल्या शिंगातला कार्बन लोखंडाच्या वरच्या थरात मुरतो, एवढाच त्याचा अर्थ.

दाते मात्र पुढची कित्येक शतके हातानेच पडत. जात्याला टाकी लावावी तसा इंग्लंडमधल्या शेफील्डचा कारागीर छिन्नी-हातोड्याने एकेक दाता उठवी. एक बाजू झाली की तिचे दाते मोडू नयेत म्हणून कानस शिशाच्या ठोकळ्यावर पालथी ठेवी. त्या शिशाच्या विषाने किती जणांचे हात लुळे पडले, हे कानशीच्या गुणगानात सहसा कुणी सांगत नाही.

दाते पाडणाऱ्या यंत्राचे चित्र लिओनार्दो दा विंचीने काढले होते, पण धंदा यंत्राकडे वळला तो एकोणिसाव्या शतकात. १८६४ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला विल्यम निकोल्सनने कारखाना काढला. यंत्राचे दाते इतके समान पडत की कानस धातूवर थरथरे. मग त्याने दात्यांमधले अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवले. हाताची चूक यंत्राला शिकवावी लागली, ही मला या कुळातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते.

दात्यांची गोष्ट एवढी. पण रायफलची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, नळीवर बसवणाऱ्याला दात्यांइतकीच बिनदात्यांची बाजू लागते. माशीची खाच तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, तिरक्या भिंतींची. तिथे चालते त्रिकोणी कानस, साठ अंशांची. तिची एक बाजू ग्राइंडरवर घासून कोरी करतात, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत, नाहीतर कानशीचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. कोरी बाजू तळावर सरकते आणि दाते भिंत कापतात. तिन्ही बाजूंना दाते असले तर भिंतीबरोबर तळही खोल जातो, आणि नळीची जाडी काही पुन्हा भरता येत नाही. म्हणून जाणता माणूस खाच जरा घट्टच ठेवतो आणि शेवटची घासाई माशीच्या बुडावर करतो. बिघडली तर माशी नवी आणता येते.

माशीच्या उंचीचा हिशेब साधा आहे. पुढच्या आणि मागच्या माशीत अर्धा मीटर अंतर असेल आणि पन्नास मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर खाली लागत असेल, तर पुढची माशी अर्धा मिलिमीटर घासायची. त्यासाठी बारीक स्विस कानस घ्यावी. तिचा नंबर जितका मोठा, तितके दाते बारीक. दात्यांत कीस अडकू नये म्हणून आधी खडू फिरवायचा, आणि अर्धे काम झाले की थांबून पुन्हा गोळ्या झाडून बघायच्या.