गांडूळ विकत घ्यावं का?

शाळेत एक मार्काचा हमखास प्रश्न असायचा. शेतकऱ्याचा मित्र कोण? गांडूळ. झालं, मार्क खिशात! पण हा मित्र राहतो कुठे, खातो काय, आणि सगळी गांडुळं सारखीच असतात का, हे ना बाईंनी सांगितलं ना आम्ही विचारलं. आता घरोघरी ओल्या कचऱ्याच्या पेट्या आल्यात आणि लोक किलोवर गांडुळं विकत घेतात. म्हणून म्हटलं, जरा इतिहास उकरून बघू.

सुरुवात अर्थातच डार्विनपासून. 1881 साली, म्हणजे मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने अख्खं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशोब होता. पण लक्षात घ्या, ही गांडुळं शेतात-कुरणात आपली आपण राहणारी. त्यांना कुणी पेटीत घातलं नव्हतं.

दुसरा टप्पा आपल्या जवळचा. होळकरांच्या इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. 1931 सालच्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्ड जगभर गाजले, वाड मागे राहिले. असो. इंदूर पद्धतीत काडीकचरा, शेण, राख, गोमूत्र मुरलेली माती यांचे थर द्यायचे, ढीग वरखाली करायचा, तीनेक महिन्यांत खत तयार. यात काम करतात बुरशी आणि जिवाणू. ढीग आतून इतका तापतो की गांडूळ तिथे जगूच शकत नाही. स्वयंपाकघरातला कचरा एकदम भरपूर ओतला की पेटीतली गांडुळं का मरतात, त्याचं एक कारण हेच. आपण नकळत छोटं इंदूर पेटवलेलं असतं :-)

पेटीची कल्पना घराघरांत नेली ती अमेरिकेतल्या मेरी अ‍ॅपलहॉफ या बाईंनी, 1982 सालच्या पुस्तकातून. पेटीत राहणारी ती लालसर गांडुळं म्हणजे आयसेनिया फेटिडा. ही कुजणाऱ्या पाल्यात, शेणात, अगदी वरच्या थरात राहतात. खोल बीळ करत नाहीत. शेतात सोडून दिली तर खायला पाला नाही, वर ऊन, की बिचारी संपली. पुण्याचे डॉ. उदय भवाळकर 1980च्या दशकापासून गांडुळांवर काम करत आले. त्यांचा भर मात्र खोल बिळं करणाऱ्या गांडुळांवर होता.

आता कर्जतकडे येऊ. इथलं पीक भात, आणि भाताची जुनी रीत म्हणजे राब. उन्हाळ्यात रोपाच्या वाफ्यावर शेण, टहाळ, पाला, गवत पसरून जाळायचं. तण मरतं, माती भुसभुशीत होते. या टहाळावरून इंग्रजांचं जंगल खातं आणि शेतकरी यांच्यात इतकं वाजलं, की 1885 साली मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे पाला कुणाचा आणि त्याचं करायचं काय, हे भांडण इथे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

राबानंतर चिखलणी. खाचरात पाणी भरून माती पार कालवून टाकायची. गांडुळाच्या दृष्टीने बघा: बीळ मोडलं, हवा गेली, घर बुडालं. दरवर्षी.

यालाच फाटा दिला नेरळच्या सगुणा बागेतल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी. त्यांच्या सगुणा राईस टेक्निकमध्ये गादीवाफे एकदाच करायचे. मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. ती कुजतात आणि गांडुळं आपसूक येतात. कुणी विकत आणून सोडत नाही. तण मात्र बऱ्याच अंशी तणनाशकाने मारावं लागतं, आणि सेंद्रियवाल्यांचं भांडण नेमकं तिथे आहे. ते मला खोटं वाटत नाही. पण कंबर मोडणारी लावणी वाचणं ही रोजच्या मजुरीच्या हिशोबात लहान गोष्ट नाही, हेही खरं.

तर मुद्दा असा, की पेटीतलं गांडूळ आणि शेतातलं गांडूळ ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. पेटीसाठी जरूर विकत घ्या. सावलीत ठेवा, थोडं थोडं खायला घाला, झालेलं खत कुंडीला द्या. पण कर्जत-खालापूरला प्लॉट घेऊन त्यात किलोभर गांडुळं ओतणार असाल तर पैसे वाचवा. पालापाचोळा जाळू नका, माती उघडी ठेवू नका, सारखी उकरू नका. भाडेकरू शोधावा लागत नाही. घर नीट ठेवलं की तो येतो.