गिरण्यांच्या आवारातले स्टुडिओ आणि घातपाताच्या कथा

प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूभोवती कटाची कथा रचून तिला माहितीपटाचे रूप देण्याचा प्रकार जगभर आढळतो. ब्रिटिश गायक पॉल मॅकार्टनी 1966 मध्येच वारले, या अफवेवर 2010 मध्ये एक तथाकथित माहितीपट निघाला. त्यात त्यांचे सहकारी संगीतकार जॉर्ज हॅरिसन यांच्या नावाने बनावट निवेदन ऐकवले होते.

मुंबईत हा प्रकार वृत्तवाहिन्यांतून फोफावला. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर लोअर परळच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कमला मिलसारख्या आवारांत पुढे कार्यालये आणि अशाच वाहिन्यांचे स्टुडिओ आले. 14 जून 2020 रोजी वांद्र्यात अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला आणि देशभरच्या वाहिन्यांवर घातपाताच्या कथा रंगल्या. यूट्यूबवर जुनी छायाचित्रे, बाण, वर्तुळे आणि गंभीर निवेदन जोडून ‘पुरावे’ तयार झाले.

ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. ऑक्टोबरमध्ये एम्सच्या वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता फेटाळली. 18 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांच्या समांतर खटल्यांवर कठोर ताशेरे ओढले. आत्महत्येच्या प्रकरणांत घटनेचे नाट्यरूपांतर टाळावे, मृताचे चारित्र्यहनन करू नये, असे न्यायालयाने सांगितले. मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. तोवर निराधार आरोपांनी जिवंत माणसांची उमेदीची वर्षे हिरावली होती. ही हानी कोणत्याही अहवालाने भरून येत नाही.