वडगावच्या तहाचं पुढे काय झालं?

लोणावळा लोकल वडगावला मिनिटभर थांबते. ऑफिसला जाताना स्टेशनची पाटी दिसली की शाळेत पाठ केलेलं वाक्य आठवतं: 'वडगावच्या लढाईत मराठ्यांनी इंग्रजांचा पराभव केला.' वाक्य खरं आहे. पण तहाचं पुढे काय झालं, हे मी पंचविशी ओलांडल्यावर वाचलं.

सुरुवात घरच्या भांडणातून झाली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, बारभाईंनी राघोबांना बाजूला सारलं आणि राघोबा गादीसाठी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. १७७५ चा सुरतेचा तह असा: कंपनीने अडीच हजार फौज द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई घ्यायची. फौजेचा खर्चही राघोबांकडेच.

कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईचा हा तह अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुण्याशी पुरंदरचा तह केला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. कंपनी एकच, पण मुंबई एक बोलणार आणि कलकत्ता दुसरं. यातला खरा शब्द कोणता, हे पुण्याने कसं ओळखायचं?

त्यातच सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुणे दरबारात आला. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने इंग्लंडविरुद्ध युद्धात उतरला. भांडण अटलांटिकपलीकडचं, पण त्याची झळ मावळला लागली. त्याच वर्षाअखेरीस मुंबईची सुमारे चार हजारांची फौज राघोबांना घेऊन बोरघाट चढली.

४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. हाच मावळातला 'इष्टुर फाकडा'. फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव जळून खाक झालं होतं. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच ते जाळलं होतं. विजयाच्या गोष्टीत हे एका ओळीत येतं, पण ती घरं आमच्याच मावळातल्या लोकांची होती.

११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावला कोंडलं. तह झाला: १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करायचा, बंगालहून येणारी फौज माघारी पाठवायची. दोन इंग्रज ओलीस राहिले.

आणि मग? मुंबई आणि कलकत्ता, दोघांनीही तह झुगारला. सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता म्हणे! बंगालची फौज फेब्रुवारीत सुरतेला पोचलीसुद्धा. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं आणि साष्टी कंपनीकडेच राहिली.

आता दुसरा तह पाहा. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला. राघोबांचे पुत्र दुसरे बाजीराव पळून वसईला गेले आणि वडिलांसारखेच कंपनीच्या दारात उभे राहिले. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला: कंपनीच्या सहा पलटणी कायमच्या ठेवायच्या, त्यांच्यासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी लढाई किंवा बोलणी करायची नाहीत. या वेळी सहीच्या अधिकाराचा प्रश्न कंपनीला पडला नाही. सोळा वर्षांनी पेशवाई संपली.

दोन्ही तह कागदावरच होते. फरक मैदानात होता. १७७९ मध्ये नाना, शिंदे आणि होळकर एका बाजूला होते, म्हणून कंपनीला निदान सही तरी करावी लागली. १८०२ मध्ये ते एकमेकांवर तुटून पडले होते. कंपनीने आमच्यात भांडणं लावली, असं आपण सहज म्हणतो. ती भांडणं बहुतेक आमचीच होती. कंपनीने प्रत्येक वेळी हरणाऱ्याला फौज देऊ केली आणि बिल पुढे ठेवलं.

वडगावला महादजींचं स्मारक आहे आणि ते असायलाच हवं. फक्त शाळेतल्या त्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य जोडावं: 'तो तह कंपनीने पाळला नाही.' मग वर्गातलं एखादं पोर नक्की विचारेल, 'का नाही पाळला?' इतिहासाचा तास तिथून सुरू व्हायला हवा.